संथा

माझी सहा वर्षं ऑगस्टच्या एकतीस तारखेला संपणार होती. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाईला काहीतरी दुर्धर झालंय. मला काही झालं नव्हतं, मी मास्टर्स करत होते. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना वाचायला शिकवायचं, त्यातलं मास्टर्स. इथे अमेरिकेत अशा शिक्षकांना रीडिंग स्पेशालिस्ट म्हणतात. युनिव्हर्सिटीचा नियम असा की पहिला कोर्स घेतल्या दिवसापासून सहा वर्षांत सगळं आटपलं पाहिजे, नाहीतर जुने कोर्स एकेक करून बाद. त्यातलं दीड वर्ष नागपूरला आईच्या उशाशी गेलं. नियमाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उरलेल्या साडेचार वर्षांत मी शाळा सांभाळून, स्वयंपाक करता करता लेक्चर ऐकून एकेक कोर्स ओढत आणला होता, आणि आता शेवटचा एकच राहिला होता.

तो एक का महत्त्वाचा, तेही सांगते. नागपूरला सक्करदऱ्यातल्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. इथे आल्यावर त्या अकरा वर्षांचं एका कागदावर मूल्यमापन झालं आणि मी वर्गात मुलांच्या जॅकेटच्या चेन लावणारी मदतनीस झाले. तिथून दुसरीच्या वर्गाची शिक्षिका व्हायला मला पाच वर्षं लागली. या जानेवारीत प्रिन्सिपॉलबाईंनी बोलावून सांगितलं की सप्टेंबरपासून दुसरीची एक तुकडी बंद होतेय आणि सर्वांत नवी शिक्षिका मीच आहे. पण शाळेच्या रीडिंग स्पेशालिस्ट निवृत्त होताहेत. राज्याचं लायसन्स हातात असेल तर ती जागा माझी. लायसन्ससाठी डिग्री हवी, डिग्रीसाठी हा शेवटचा कोर्स. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सहा वर्षं करण्याचं बळ माझ्यात नव्हतं. जमलं तर हे, नाहीतर काहीच नाही.

या शेवटच्या कोर्सात पुस्तकं नसतात. वाचनात मागे पडलेलं एक मूल घ्यायचं. सुरुवातीला त्याची परीक्षा, मग बारा आठवडे शिकवणी, शेवटी पुन्हा परीक्षा. सगळ्याचा व्हिडिओ काढायचा आणि रिपोर्ट लिहायचा. रिपोर्टची एक प्रत युनिव्हर्सिटीला जाते आणि एक त्या मुलाच्या शाळेला. मला शिव नावाचा मुलगा मिळाला होता, गोड पोरगा. तिसऱ्या शिकवणीनंतर त्याच्या वडिलांची नोकरी गेली, व्हिसाचे दिवस संपत आले आणि ते कुटुंब हैदराबादला परत निघालं. त्याची आई फोनवर रडत होती आणि मी तोंडाने धीर देत मनात माझे आठवडे मोजत होते. आजही त्याची लाज वाटते.

माझ्या गाइड डॉक्टर हॅलोरन म्हणाल्या, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुसरं मूल मिळालं तर अजून वेळ आहे. नेमकं त्याच आठवड्यात पिस्कॅटवे गावी आमच्या मराठी मंडळातल्या एकीकडे हळदीकुंकू होतं. तिळगूळ तोंडात असतानाच मी माझं रडगाणं लावलं. कांचनने ते ऐकलं. कांचन पुण्याची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करते. नवरा सुशांत महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी.

"पद्मिनीताई, आमची केया घ्या ना," ती म्हणाली.

केया आठ वर्षांची, तिसरीत. वाचन इयत्तेच्या मानाने कमी आहे, पुढच्या वर्षी सविस्तर तपासणी करावी लागेल, असं पत्र तिच्या शाळेतून आलं होतं. कांचनला ते मुळीच पटलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत केयाने अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं होतं, एका दमात, न अडखळता. अशा पोरीला वाचता येत नाही म्हणणाऱ्या शाळेचंच डोकं तपासायला हवं, असं कांचनचं मत. त्या गणपतीत टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही पहिल्या रांगेत होते.

पहिल्याच परीक्षेत मला कळलं की शाळेचं डोकं ठिकाणावर आहे. पहिलीचा उतारा दिला तर केयाचा दर पाचांत एक शब्द चुकत होता. अक्षरांकडे न बघता ती चित्राकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे, आणि काहीतरी शोभेलसं ठोकून द्यायची. हुशार मुलांची ही युक्ती असते, आणि ती जितकी हुशार तितकी ती युक्ती उशिरा पकडली जाते. मला काळजी वाटली आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. असंच मूल मला हवं होतं.

लायब्ररीतली खोली मिळेना, म्हणून दर मंगळवार-गुरुवारी कांचनच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी ठरली. परीक्षेचे उतारे एका निळ्या पेटीत असतात, सोप्यापासून अवघडपर्यंत, लहान लहान पुस्तिका. ही पेटी कायम माझ्याच ताब्यात राहील, मुलाच्या किंवा घरच्यांच्या नजरेला पडणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली होती. पेटी चांगली जड. तिसऱ्या आठवड्यात माझा खांदा धरला होता. कांचन म्हणाली, रोज कशाला ओझं वाहता, राहू द्या इथेच, कोण हात लावतंय. मी ठेवली. माझ्या वर्गातल्या एकाही अमेरिकन बाईने ती ठेवली नसती आणि एकाही अमेरिकन आईने ठेवा म्हटलं नसतं. पण मी त्या घरी चहा पीत होते, फ्रीज उघडून दही घेत होते. तिथून पेटी उचलून नेणं म्हणजे कांचनवर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. संकोच आडवा आला, एवढंच.

मार्चपासून केयाची गाडी सुटली. दर आठवड्याला मी एक उतारा वाचून घ्यायची आणि दर आठवड्याला चुका कमी. मी जे शिकवत होते, आवाज आणि अक्षर यांची गाठ घालणं, शब्द फोडून वाचणं, ते लागू पडतंय असं मला वाटायचं. रात्री प्रल्हादला, माझ्या नवऱ्याला, मी आलेख दाखवायची. मे महिन्यात शेवटची परीक्षा झाली. तिसरीचा उतारा, आजोबा आणि नात मिळून जुनी होडी दुरुस्त करतात त्याचा. दोनशे शब्दांत दोन चुका. मी कॅमेऱ्यासमोरच रडले. डॉक्टर हॅलोरननी व्हिडिओचा सुरुवातीचा भाग पाहून कळवलं की इतकी प्रगती त्यांनी क्वचितच पाहिली आहे. कांचनने मला घट्ट मिठी मारली आणि डबाभर नारळाच्या वड्या दिल्या.

रिपोर्ट सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता. शनिवारी सकाळी मी व्हिडिओ लावून बसले, कारण प्रत्येक शब्दावर खूण करून तो कागद जोडावा लागतो. पहिल्यांदा नुसतंच कौतुकाने पाहिलं. दुसऱ्यांदा खुणा केल्या. केयाने होडीच्या फळ्यांचं वाक्य सुरू केलं, ते पूर्ण केलं, पुढच्या वाक्याचे चार शब्द म्हटले, आणि मग पान उलटलं.

ते चार शब्द पुढच्या पानावर होते.

मी तो तुकडा किती वेळा मागे नेला ते आठवत नाही. मग आवाज बंद करून नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे पुस्तिकेवर होते, पण ओळीवरून सरकत नव्हते. एका जागी स्थिर. मान बारीकशी डोलत होती आणि उजवा हात मांडीवर ताल धरत होता. अथर्वशीर्ष म्हणताना धरला होता तसाच.

रविवारी मी लायब्ररीतून एक पुस्तक घेतलं, दुसरीच्या मुलांना सहज जमेल असं, आणि कांचनकडे गेले. सहज आलेय म्हटलं. केयापुढे पुस्तक ठेवलं. पहिल्या ओळीत सात शब्द होते, त्यातले तीन तिला आले. पुढच्या ओळीला ती थांबली आणि तिने आईकडे पाहिलं. कांचन ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि तिने नळ सोडून ठेवला होता.

"मला हे नाही माहीत," केया म्हणाली, "मम्माने हे नाही करून घेतलं." मग घाईघाईने इंग्रजीत, "बट आय कॅन लर्न इट बाय ट्यूसडे. मम्मा सेड यू विल लूज युअर जॉब."

मी तिला वर खेळायला पाठवलं. कांचनने नळ बंद केला आणि फारसे आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यातच तिने पेटीतल्या सगळ्या पुस्तिकांचे फोनवर फोटो काढले होते. मग रोज सकाळी शाळेत सोडायला जाताना गाडीत संथा. कांचनच्या आजोबांनी तिला लहानपणी दिली होती तशी, एक ओळ आईने म्हणायची, तीच मुलीने दोनदा म्हणायची, मग दोन ओळी, मग चार. केयाला आठवड्यात एक उतारा सहज व्हायचा. दोन चुका करायच्या, हेही कांचननेच शिकवलं होतं, अगदी शून्य दिसू नये म्हणून.

"एवढं काय झालं, ताई?" ती म्हणाली. "तुमचं लायसन्स होतंय. माझ्या पोरीचं नाव त्या लिस्टमधून निघतंय. कोणाचं काय गेलं सांगा ना."

मी खूप बोलले. विश्वासघात म्हणाले, गाढवपणा म्हणाले, आणखीही बरंच. ती ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं की पेटी इथे ठेवायला कोणी सांगितलं होतं का जबरदस्तीने. आपलेच दात, आपलेच ओठ. निघताना ती दारापर्यंत आली आणि माझा हात धरून म्हणाली, आमच्या दोघांच्याही घरात असं कोणी नाही हो, तिच्यावर तसला शिक्का नका बसू देऊ. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही बाई माझ्याइतकीच घाबरलेली आहे. पेटी मात्र मी या वेळी उचलून आणली.

प्रल्हादने सगळं ऐकलं. तो काही वाईट माणूस नाही आणि तो जे म्हणाला तेही वावगं नव्हतं. सबमिट कर, तो म्हणाला, आणि मोकळी हो, मग शिकव तिला हवी तितकी वर्षं, आता निदान कळलंय की तिला येत नाही. ज्या शाळेत शंभर मुलांना तुझा उपयोग होणार, ती जागा या पेटीपायी घालवणार का? हातातोंडाशी आलेला घास होता. मला तो हवा होता, फार हवा होता, आणि कोणालाही काही कळणार नव्हतं.

सोमवारी शाळेतून साडेतीनला घरी आले आणि फॉर्म उघडला. सुरुवातीचे गुण, शेवटचे गुण, टक्के, सगळं भरलं. बोटं आपोआप चालत होती. शेवटी एक प्रश्न असतो, या मुलाची आणखी तपासणी होण्याची गरज आहे का. त्यापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. मी नाहीवर खूण केली. ही प्रत तिच्या शाळेत जाणार, तिथे कोणीतरी भली बाई ती वाचून फाइल बंद करणार आणि केया चौथीत जाणार.

मला तिथे बसल्या बसल्या सक्करदऱ्याची शाळा आठवली. साहेब तपासणीला यायचे तेव्हा दोन आठवडे आधीपासून मी चौथीच्या वर्गाकडून एकच धडा घोकून घ्यायची. साहेबांनी कोणालाही उठवावं, मूल पुस्तक धरून घडाघडा वाचायचं. साहेब खूश, मुख्याध्यापक खूश, माझ्या सेवापुस्तिकेत चांगला शेरा. रेखा नावाची एक मुलगी त्यात सर्वांत पुढे असायची. सहावीत गेल्यावर तिच्यापुढे प्रश्नपत्रिका आली. प्रश्नपत्रिका कोणाला आधी पाठ करायला मिळते? दिवाळीनंतर तिने शाळा सोडली. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. कांचनला मी रविवारी जे जे बोलले होते, ते सगळं मला लागू होतं, आणि तिच्यासारखी भीतीही मला नव्हती. मला फक्त शेरा हवा होता.

साडेचारला मी डॉक्टर हॅलोरनना फोन केला आणि थांबता येऊ नये म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, पेटीतला प्रत्येक उतारा फुटला आहे, म्हणजे मधल्या परीक्षाही गेल्या आणि शेवटची पुन्हा घेताही येणार नाही. कोर्स पुन्हा करावा लागेल, आणि तो पुन्हा असतो सप्टेंबरमध्ये. ऑगस्टचा उल्लेख दोघींनीही केला नाही. त्या समितीकडे मुदतवाढ मागणार होत्या. शेवटी त्यांनी इतकंच म्हटलं की तुम्ही फोन केलात म्हणून मला तुमचा आदर वाटतो आणि फार वाईटही वाटतंय. त्या आदराचं मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून ओरडले.

समितीचं उत्तर शुक्रवारी आलं. तीन ओळी होत्या. पेटी ताब्यात ठेवण्याच्या लेखी हमीचा भंग माझ्याकडूनच झालेला असल्यामुळे मुदतवाढ देता येत नाही. प्रिन्सिपॉलबाईंना मी त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी सोमवारी जागेची जाहिरात लावली. केयाच्या शाळेला मी खरा रिपोर्ट पाठवला होता: परीक्षा ग्राह्य धरू नये, पाठांतर विलक्षण आहे, वाचन पहिलीच्या पुढे नाही, तपासणी पुढच्या वर्षावर न ढकलता लगेच करावी.

पुढच्या मंगळवारी पाच वाजले आणि मला घरात राहवेना. केयाची वही आणि अक्षरांच्या पत्त्यांचा डबा माझ्याकडे राहिला होता, ते निमित्त करून मी गेले. कांचनने दार अर्धंच उघडलं. डबा घेतला. शाळेतून तिला फोन आला होता.

"तुम्ही तुमचं नुकसान तर केलंतच, ताई," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या मुलीचंही केलंत. आता तिला वेगळ्या खोलीत नेऊन बसवतील."

मी म्हणाले, वेगळ्या खोलीतच तिला वाचायला शिकवतील, कांचन. तिने दार लावलं. आवाज न करता लावलं, शिकल्यासवरल्या माणसांसारखं.

गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवायचं सुचेना. तेवढ्यात गराजचं दार निम्मं वर गेलं आणि खालून वाकून केया बाहेर आली. अनवाणी, हात रिकामे. मी काच खाली केली.

मम्मा वर कॉलवर आहे, तिने सांगितलं. मग विचारलं, "मम्मा म्हणाली तू टेस्टमध्ये फेल झालीस. बिकॉज ऑफ मी?"

"तुझ्यामुळे नाही गं," मी म्हणाले. "माझ्यामुळे."

तिने ते मनावर घेतलं नाही. तिच्याकडे काहीतरी सांगायला होतं. पेटीतला सर्वांत शेवटचा उतारा, पाचवीचा, कासवांचा, तो तिने तयार केला होता. मम्माने नव्हता करून घेतला. मम्मा आता संथा देत नव्हती, म्हणून तिने मम्माच्या जुन्या टॅबलेटवर, जिथे तिच्या फोनमधले फोटो आपोआप यायचे, तो फोटो शोधला, कासवाच्या चित्रावरून ओळखला. फोटोवर बोट दाबून धरलं की टॅबलेट वाचून दाखवतो, हे तिला माहीत होतं. चार दिवस पांघरुणात टॅबलेट घेऊन तिने एकटीने एकेक ओळ ऐकली आणि म्हटली. आता मी तिची पुन्हा टेस्ट घ्यायची आणि व्हिडिओ पाहणाऱ्या त्या बाईंना दाखवायची, असा तिचा बेत होता.

मी नको म्हणायच्या आत तिने सुरुवात केली. गाडीच्या दाराशी उभी राहून, मान डोलवत, मांडीवर हाताने ताल धरत. कासवं रात्री किनाऱ्यावर येतात, अंडी घालतात, पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. मोठमोठे शब्द होते, समुद्रजीवांची लॅटिन नावं होती, तिने एकही सोडलं नाही. हे सगळं अक्षर न वाचता आठ वर्षांच्या पोरीने माझ्यासाठी केलं होतं. तिला थांबवायला हवं होतं. मी शिक्षिका आहे, मला ते कळतं. मी स्टिअरिंग धरून शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकत राहिले.

"हाऊ मेनी मिस्टेक्स?" तिने धापा टाकत विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले.

"देन यू पास्ड," ती म्हणाली, आणि उड्या मारत घरात गेली.